४ + ४ = ४ : फोनवर चालणारा गेम टॅबवर का चालत नाही, आणि पैसे कुणाकडे मागायचे

कराडला एसटी स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेले डिस्प्ले वर्षभर येतात. पण नवाकोरा टॅब, त्यावरची फिल्मसुद्धा न काढलेली, आणि शेजारी तोंड पाडून उभं असलेलं पोरगं, हे दृश्य दिवाळीच्या सेलनंतरचं. तक्रार ठरलेली: "बाबांच्या फोनवर गेम चालतो, टॅबवर घेतच नाही."

गेल्या खेपेला आमचे शाळेतले गणिताचे सर आले, आता निवृत्त. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांनी नातवासाठी स्वतःच्या फोनवरून ४४९ रुपयांचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम विकत घेतला. फोनवर तो झकास चालला. नव्या टॅबवर तेच पान उघडलं तर 'इन्स्टॉल'चं बटणच नाही. त्याच्या जागी, तुमचं डिव्हाइस या आवृत्तीशी सुसंगत नाही, अशा अर्थाची एक ओळ. मग शेजारच्या पोराच्या सल्ल्याने सरांनी प्ले स्टोअरची कॅश (साठलेल्या तात्पुरत्या फायली) साफ केली, टॅब बंद-चालू केला, अपडेट घेतला, रविवारी फॅक्टरी रिसेट मारला, म्हणजे सगळं पुसून टॅब कोरा केला, सोमवारी परत एकदा मारला. मंगळवारी सकाळी नऊला माझ्याकडे.

मी विचारलं, "सर, गेम विकत घेऊन किती तास झाले?"

"तास कसले विचारतोस? दिवस विचार."

"नाही सर, तासच."

बासष्ट तास झाले होते. म्हणजे मुदत चौदा तासांपूर्वी संपलेली. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांचं हेच होतं. जे दोन दिवस पैसे परत मागण्याचे असतात, ते कॅश साफ करण्यात जातात. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवलाय.

आधी घड्याळ बघा

प्ले स्टोअरवर विकत घेतलेल्या गेमचा परतावा खरेदीपासून ४८ तासांच्या आत थेट गूगलकडे मागता येतो. त्यानंतर गूगल तुम्हाला गेम बनवणाऱ्याकडे पाठवतं आणि मग सगळं त्याच्या मर्जीवर. मागणं अवघड नाही. ब्राउझरमध्ये प्ले स्टोअर उघडायचं, आपल्या फोटोवर टिचकी मारून पेमेंट आणि सदस्यत्वांमध्ये जायचं, ऑर्डरचा इतिहास काढायचा आणि त्या गेमसमोर समस्या नोंदवायची. ईमेलवर आलेल्या पावतीत 'जीपीए' या अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. तो कुठेतरी लिहून ठेवा, पुढे प्रत्येक जण तोच विचारतो.

दोन गोष्टी मात्र आधी समजून घ्या. परतावा मिळाला की गेम फोनवरूनही जातो. आणि एका गेमचा परतावा एकदाच मिळतो. तोच गेम पुन्हा विकत घेतला तर दुसऱ्यांदा मागता येत नाही. तेव्हा 'परत करू, टॅबचं बघू, मग पुन्हा घेऊ' हा डाव खेळायला हरकत नाही, पण एकदाच.

आयपॅडवाल्यांसाठी अ‍ॅपलचं समस्या नोंदवण्याचं वेगळं पान आहे. तिथे अ‍ॅपल खात्याने आत जाऊन परतावा मागायचा आणि कारण निवडायचं. तिथेही जितक्या लवकर मागाल तितकं बरं.

दुखणं नेमकं कोणतं?

'गेम चालत नाही' हे 'पोटात दुखतंय' म्हणण्यासारखं आहे. कुठे दुखतंय ते सांगितल्याशिवाय औषध देता येत नाही. माझ्या टेबलावर चार प्रकार येतात. स्टोअर 'सुसंगत नाही' म्हणतं. शोधूनही गेम दिसत नाही. इन्स्टॉल होतो, पण उघडताच काळा पडदा येतो किंवा बाहेर फेकला जातो. किंवा सगळं चालतं, पण विकत घेतलेल्या गाड्या आणि पार केलेल्या लेव्हल गायब. पहिल्या दोन प्रकारांत रिसेट मारून काहीही होत नाही, कारण टॅबमध्ये काही बिघडलेलंच नसतं. दारावरच्या माणसाने आत सोडलेलं नाही, एवढंच.

दारावरचा माणूस म्हणजे स्टोअरची चाळणी. प्रत्येक गेमच्या पोटात एक यादी असते: मला अमुक अँड्रॉइड लागेल, अमुक ग्राफिक्स लागेल, अमुक सेन्सर लागेल. टॅब स्वतःची माहिती स्टोअरला देतो. दोन्ही जुळलं नाही तर बटण दिसत नाही. यात गमतीचे घोटाळे होतात. गेममध्ये फोन करण्याची किंवा एसएमएस पाठवण्याची परवानगी मागितलेली असेल आणि 'हे नसलं तरी चालेल' असं बनवणाऱ्याने वेगळं नोंदवलं नसेल, तर स्टोअर समजतं की याला सिमवालं यंत्रच लागतं. मग फक्त वाय-फायचा टॅब बाहेर. खेळात फोनचा काडीचा संबंध नसतो! गाडी हात तिरका करून वळवायच्या गेमला जायरोस्कोप (यंत्राचं वळणं ओळखणारा सेन्सर) अनिवार्य ठरवलेला असेल, तर स्वस्त टॅब तिथेच अडकतात, कारण खर्च वाचवायला कंपन्या आधी सेन्सर कापतात.

दुसरं कारण ३२ आणि ६४ बिटचं. चिप आणि अँड्रॉइड एका वेळी केवढा आकडा हाताळतात, त्याचं हे माप. बऱ्याच स्वस्त टॅबमध्ये चिप ६४ बिटची असते, पण वर चढवलेलं अँड्रॉइड ३२ बिटचं. नवे मोठे गेम बऱ्याचदा फक्त ६४ बिटवर चालतात. उलटंही होतं. गूगलने १ ऑगस्ट २०१९ पासून नव्या अ‍ॅपना ६४ बिटची आवृत्ती देणं सक्तीचं केलं, आणि ऑगस्ट २०२१ पासून ज्यांच्याकडे ती नाही असे जुने गेम ६४ बिटच्या यंत्रांवर दाखवणंच थांबवलं. अ‍ॅपलने हे त्याआधीच केलं होतं: सप्टेंबर २०१७ मधल्या आयओएस ११ ने ३२ बिटचे सगळे गेम एका फटक्यात बाद केले. त्यामुळे 'जुन्या टॅबवर खेळायचो तो गेम नव्यावर सापडत नाही' अशी तक्रार आली की मी आधी गेमचं शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघतो. अँड्रॉइड १४ तर अँड्रॉइड ६ च्या आधीच्या जमान्यासाठी बनवलेलं अ‍ॅप इन्स्टॉलच करू देत नाही.

घरी तपासायचं असेल तर सीपीयू-झेड हे फुकट अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्या आणि कर्नल आर्किटेक्चरची ओळ बघा. 'एआर्च६४' दिसलं तर ठीक. 'आर्मव्ही७एल' किंवा 'आर्मव्ही८एल' दिसलं तर तुमचं अँड्रॉइड ३२ बिटचं आहे, आणि त्यावर घरगुती इलाज नाही.

विकत घेण्याआधीची एक युक्ती सांगतो. फोन आणि टॅब दोन्हींत एकाच गूगल खात्याने लॉगिन असलं पाहिजे. मग कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये गेमचं पान उघडा. हा गेम तुमच्या सगळ्या डिव्हाइसवर चालेल की काहींवरच, हे तिथे लिहिलेलं असतं. सरांनी फोनवरून घेतला, फोन त्यात बसत होता, त्यामुळे स्टोअरने हूं की चूं केलं नाही.

चार अधिक चार

सरांच्या टॅबचं दुखणं मात्र यातलं कुठलंच नव्हतं. अँड्रॉइड नवं, ६४ बिट, जायरोस्कोपही होता. गेमच्या वर्णनात खाली 'किमान ६ जीबी रॅम' लिहिलेलं. रॅम म्हणजे चालू असलेलं काम धरून ठेवणारी मेमरी. सरांनी खोका पुढे केला. त्यावर अंगठ्याएवढ्या अक्षरांत '८ जीबी'.

मी सेटिंगमध्ये जाऊन टॅबविषयीची माहिती उघडली. तिथे लिहिलं होतं: रॅम ४ जीबी + ४ जीबी. मग खोका फिरवला. तळाला बारकोडशेजारी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, तेच.

सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मग बरोबर आहे की. चार अधिक चार आठ."

"सर, इथे चार अधिक चार चारच."

तेवढं त्यांना पटवायला मला दहा मिनिटं लागली. दुसरे ४ जीबी म्हणजे आभासी रॅम. टॅबच्या साठवणुकीतला, म्हणजे फोटो-व्हिडिओ राहतात त्या जागेतला, एक तुकडा बाजूला काढून सिस्टिम त्याला रॅमचा राखीव साठा म्हणून वापरते. मागे पडलेलं एखादं अ‍ॅप तिथे गुंडाळून ठेवायला त्याचा उपयोग होतो, पण वेगात तो खऱ्या रॅमच्या जवळपासही नाही. गेमला लागते खरी मेमरी. गेम बनवणाऱ्याला रॅमचा आकडा ठरवून त्याखालची यंत्रं वगळायची सोय प्ले स्टोअर देतं, आणि तिथे मोजली जाते ती खरी रॅम. ४ जीबीतलासुद्धा थोडा भाग सिस्टिमने आधीच राखलेला असतो.

म्हणजे दोष ना गेमचा, ना स्टोअरचा. ज्याने '८ जीबी'चा टॅब म्हणून विकला, त्याचा. हे ठरवणं महत्त्वाचं, कारण तक्रार चुकीच्या दारात केली की प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो. महिना असाच जातो.

इन्स्टॉल झाला, पण टिकत नाही

इथे दुरुस्तीला खरंच वाव आहे. आधी साठवणुकीत जागा बघा. स्टोअरवर लिहिलेला आकार बहुतेक वेळा सुरुवातीचाच असतो, आत गेल्यावर गेम आणखी तेवढंच खाली उतरवतो. मग अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू, म्हणजे गेमच्या आत वेबपानं दाखवणारा भाग, अपडेट करा. लॉगिनचं पान उघडताना गेम बंद पडत असेल तर गुन्हेगार बहुधा तोच. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्या एका खराब अपडेटने जगभरची अ‍ॅप पटापट बंद पडत होती. त्या दिवशी माझ्या दुकानात रांग लागलेली. गेमच्या सेटिंगपर्यंत पोहोचता येत असेल तर ग्राफिक्स सगळ्यात खाली आणा. पडदा आडवा-उभा होताना बटणं कापली जात असतील, तर टॅब आडवा धरूनच गेम उघडा. फोनचे पडदे लांबट असतात आणि टॅबचे चौकोनाकडे झुकलेले, आणि कित्येक गेम टॅबवर कुणी चालवून पाहिलेलेच नसतात.

एवढं करूनही काळाच पडदा असेल तर ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्रॅम) आणि गेम यांचं जमत नाही, असं समजा. तो ड्रायव्हर टॅबच्या कंपनीच्या अपडेटमधूनच येतो. तुमच्या-माझ्या हातात नाही.

आणि हे ठळक अक्षरांत: 'कॅश साफ करा' आणि 'डेटा साफ करा' ही दोन वेगळी बटणं आहेत. पहिलं निरुपद्रवी. दुसरं दाबलं आणि मूल 'पाहुणा' म्हणून, खातं न जोडता खेळत असेल, तर सगळी प्रगती गेली. सरांच्या नातवाचा दुसरा एक गेम टॅबवर छान चालत होता. त्याच्या चाळीसेक लेव्हल रिसेटमध्ये गेल्या. पोराचा चेहरा त्यासाठी पडला होता, शर्यतीच्या गेमसाठी नाही, हे आम्हाला अर्ध्या तासाने कळलं.

लेव्हल आणि खरेदी यांच्यातला फरकही ध्यानात घ्या. लेव्हल गेमच्या खात्यावर असतात, खरेदी स्टोअरच्या खात्यावर. अँड्रॉइड फोनवर विकत घेतलेला गेम आयपॅडवर फुकट मिळत नाही, तो पुन्हा विकत घ्यावा लागतो. पण अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर, त्याच गूगल खात्याने गेलात तर पुन्हा पैसे भरायचे नसतात. गेममध्ये 'खरेदी पुनर्संचयित करा' असं बटण असेल तर ते दाबा. वडलांच्या खात्यावर घेतलेला गेम मुलाच्या खात्यावर दिसत नसेल तर गूगलची फॅमिली लायब्ररी चालू करा. तो गेम त्यात बसतो का, हे त्याच्या पानावर लिहिलेलं असतं.

बाहेरून एपीके (गेमची इन्स्टॉल फाइल) आणून टाकायचा मोह मला दुकानदार म्हणून रोज दाखवला जातो: "भाऊ, तुमच्याकडे असेल की." मी टाकत नाही. विकत घ्यायचा गेम परवाना तपासतो आणि बंद पडतो. चालणारी 'मोड', म्हणजे कुणीतरी फोडून बदललेली, आवृत्ती सोबत काय घेऊन येते ते सांगता येत नाही, आणि त्याच टॅबवर तुमचं यूपीआय असतं.

आता पैसे

आपल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, डिजिटल वस्तूंसाठी वेगळं प्रकरण नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात सुसंगती हा शब्दच डिजिटल मालाच्या निकषांत घातलाय, आणि ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात डिजिटल मजकुराला स्वतंत्र हक्क आहेत. लंडन-डब्लिनला असलेल्या आपल्या मंडळींनी तिकडचाच आधार घ्यावा. आपल्याकडे निदान ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं स्पष्टपणे आहेत. पण 'ग्राहक' ठरायला मोबदला दिलेला असावा लागतो. फुकटचा गेम टॅबवर चालला नाही तर कायद्याकडे बोट दाखवू नका. आत पैसे भरले असतील तर गोष्ट वेगळी.

गेमच्या बाबतीत प्रामाणिकपणे सांगायचं तर सरांची बाजू लंगडी होती. फोनवर गेम चालत होता आणि रॅमची अट वर्णनात लिहिलेली होती. गेम कंपनीने तसंच कळवलं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

टॅबचं तसं नव्हतं. विक्रेत्याच्या पानावर शीर्षकात नुसतं '८ जीबी रॅम' लिहिलेलं, अधिकचं चिन्ह कुठेच नाही. वर 'फक्त सात दिवसांत बदलून मिळेल, पैसे परत नाहीत' ही अट, आणि सात दिवस उलटलेले. इथे बहुतेक लोक हात टेकतात. टेकू नका. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे, जाहिरातीत किंवा पानावर सांगितलेली वैशिष्ट्यं मालात नसतील तर विक्रेत्याला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य तुम्ही-आम्ही पाटीवर वाचत मोठे झालो, पण सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात.

पहिली तक्रार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची. नाव आणि संपर्क साइटवर देणं त्यांना बंधनकारक आहे. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, असा नियम आहे. चॅटवर बोलणारा गोड माणूस म्हणजे हा अधिकारी नव्हे. तिथे हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन आदेश देत नाही, मध्ये पडते. पण पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, आमच्यासाठी साताऱ्याचा. तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, विक्रेता बेंगळुरूचा असो की गुरुग्रामचा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल होते, आणि मुदत दोन वर्षांची. ४४९ रुपयांसाठी मी कुणाला तिथे पाठवणार नाही. बारा-पंधरा हजारांच्या टॅबसाठी जरूर.

पुरावे मात्र आधी जमवा: विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, कारण ते रातोरात बदलतं, रॅमची ओळ दिसणाऱ्या सेटिंगचा फोटो, खोक्याच्या दोन्ही बाजू, बिल. लिहायचं थोडक्यात. सरांनी तीन पानी अर्ज आणला होता, 'महोदय, मी ३४ वर्षे अध्यापन केले' इथपासून. आम्ही त्याचं एवढं केलं:

"अमुक तारखेला अमुक ऑर्डर क्रमांकाने टॅब घेतला. पानावर रॅम ८ जीबी लिहिली होती (स्क्रीनशॉट १). प्रत्यक्षात ४ जीबी आहे, उरलेली आभासी (फोटो २). जाहिरातीतलं वैशिष्ट्य मालात नसल्याने ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे टॅब परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. बदली टॅब नको. तक्रार निवारण अधिकाऱ्याला अमुक तारखेला कळवलं आहे, उत्तर जोडलं आहे."

'बदली टॅब नको' हे वाक्य विसरू नका, नाहीतर तोच टॅब नव्या खोक्यात येतो.

एकोणिसाव्या दिवशी सरांच्या खात्यात टॅबचे पैसे जमा झाले. गेमचे ४४९ गेले ते गेलेच. नातू तो गेम आजोबांच्या फोनवर खेळतो आणि आजोबांना फोन आला की शर्यत हरतो.